कमी पाण्याचे पुढचे अंगण: पेव्हरच्या फटींत काय लावावे?

उंबरठा

नमस्कार. कोल्हापुरात पाचगावच्या बाजूला आमचे बैठे घर आहे. घरासमोर पश्चिमेला ३० फूट रुंद आणि १८ फूट खोल, म्हणजे ५४० चौरस फूट किंवा साधारण ५० चौरस मीटर मोकळी जागा आहे. बारा वर्षांपूर्वी घर बांधले तेव्हा तिथे लॉन करायचे म्हणून मूळच्या मुरमावर दीड फूट काळी माती ट्रॉलीने आणून पसरली, आणि पहिली काही वर्षे ते लॉन दृष्ट काढावी असे होते. पुढे उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येऊ लागले, टँकरचे पाणी गवताला घालणे घरात कोणालाच पटेना, आणि गेल्या मे महिन्यात आम्ही लॉनचा नाद सोडला. आता तिथे बोटे आत जातील अशा भेगा, कडेला थोडी हरळी आणि बाकी सगळा लव्हाळा आहे.

निम्म्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि उरलेल्या जागेत जमिनीलगत पसरणारी, कमी पाण्यावर जगणारी झाडे असे अंगण करण्याचा विचार आहे. आईचे वय ७८ असून ती काठी घेऊन चालते, त्यामुळे फाटकापासून दारापर्यंतची वाट तिला निर्धास्तपणे चालता येईल अशी हवी. दोन दुचाकी उभ्या राहायला हव्यात, तुळशीवृंदावन आहे तिथेच राहील, आणि दारापुढे रांगोळीपुरती सपाट जागा सोडावी असा सौ.चा आग्रह आहे. मी पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंत फरशांच्या फटींत थाइम, लॅव्हेंडर आणि सेडम लावलेले दिसतात आणि ते फार सुंदर दिसते. आमच्या ठेकेदाराचे म्हणणे मात्र असे की, खाली सगळीकडे काँक्रीट करून वर ब्लॉक बसवावेत, म्हणजे गवताची कटकट कायमची जाईल.

ब्लॉकखाली नेमके काय घालावे, फटींत कोणती झाडे तग धरतील आणि काम कोणत्या महिन्यात काढावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. पावसाळ्यात फाटकाजवळ चार-पाच दिवस पाणी साचून राहते, पण तो विषय वेगळा आहे, त्याकडे नंतर पाहू.

मुरूमवाला

साहेब, शेवटच्या ओळीत आपण जे बाजूला ठेवले आहे, तिथूनच काम सुरू करावे लागेल. गेली वीस वर्षे मी अंगणे आणि पार्किंगची कामे करतो आहे. आपल्याकडे पेव्हर उखडायला बोलावणे येते ते बहुधा ऑगस्टमध्ये, मे महिन्यात सहसा कोणी बोलावत नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर ब्लॉक बसवले, तर पहिल्या आषाढातच काही ठिकाणी उंचवटे आणि काही ठिकाणी बशीसारखे खळगे होतात, आणि त्या खळग्यात आपल्या आईंची काठी अडकायला वेळ लागणार नाही. त्यामुळे जिथे ब्लॉक येणार आहेत तिथली माती मुरूम लागेपर्यंत पूर्ण काढावी. समजा ब्लॉकची जागा २४० चौरस फूट धरली, तर दीड फुटाच्या हिशेबाने ३६० घनफूट, म्हणजे ३.६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघेल. ती उरलेल्या अंगणात पसरू नये, एखाद्या शेतकऱ्याला द्यावी, तो आनंदाने नेईल. त्या खड्ड्यात १० इंच मुरूम दोन थरांत घालून, पाणी मारून दुरमुसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकावा. दबून भरायचा असल्यामुळे अडीच ब्रास मागवावा. त्यावर ४ इंच खडी, तीही ठोकून. त्यावर दीड इंच क्रश सँड फक्त पसरून सपाट करावी, ती ठोकू नये, आणि तिच्यावर ब्लॉक बसवावेत. पायी चालण्यापुरते ५० मिमी जाडीचे ब्लॉक चालतात, परंतु दुचाकीच्या साइड स्टँडचा सगळा भार रुपयाएवढ्या जागेवर येतो, म्हणून आपण सरसकट ६० मिमीच घ्यावेत. सगळ्या कडेने काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे कडेचा उभा ब्लॉक, हवा. कर्ब नसेल तर ब्लॉक वर्षभरात पत्त्यांसारखे बाहेर सरकतात, हे मी पैजेवर सांगतो.

उतार घराकडून फाटकाकडे चार फुटांना अर्धा इंच ठेवावा, म्हणजे १८ फुटांत सव्वादोन इंच. हा उतार डोळ्यांना जाणवत नाही आणि काठीलाही नाही, पाण्याला मात्र तो पुरतो. उतार तपासायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरावी, गवंड्याच्या नजरेवर सोडू नये.

आता फाटकाजवळच्या पाण्याविषयी. आपल्या जागेवर २५ मिमी पाऊस पडला, की १,२५० लिटर पाणी अंगणात येते, आणि जुलैमध्ये तेवढा पाऊस म्हणजे काही विशेष नाही. फाटकाच्या बाजूने २० फूट लांब, १ फूट रुंद आणि अडीच फूट खोल चर खणावा, म्हणजे तो काळ्या मातीच्या खाली फूटभर मुरमात जाईल. तो ४० मिमी खडीने भरला, तर खडीच्या पोकळीत एका वेळी साडेपाचशे लिटर पाणी मावते आणि हळूहळू मुरमात जिरते. न मावलेले पाणी गटारीकडे जाण्यासाठी चराच्या वरच्या अंगाला एक पाइप ठेवावा. परंतु चर खणण्याआधी आपल्या मुरमात पाणी जिरते का, ते पाहणे आवश्यक आहे. दोन खड्डे खणा, एक फक्त काळ्या मातीत फूटभर खोल आणि दुसरा मुरमात पोहोचलेला. दोन्ही पाण्याने भरा, रिकामे झाले की पुन्हा भरा, आणि दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. ते आकडे इथे कळवा, मग पुढे बोलू.

खालून काँक्रीट करू नये. गवत त्यामुळे थांबेल, पण आपल्या अंगणात वर्षाला सुमारे ५०,००० लिटर पाऊस पडतो, आणि काँक्रीट केल्यावर ते सगळे पाणी रस्त्यावर किंवा आपल्याच ओसरीवर येईल.

खुरपे_ताई

मुरूमवाले दादांनी ओसरीवरच्या पाण्याचा उल्लेख केला, म्हणून लिहिते, कारण ते पाणी मी फडक्याने टिपले आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही रुईकर कॉलनीतल्या आमच्या अंगणात असेच काम करून घेतले. काम करणाऱ्यांनी तण येऊ नये म्हणून संपूर्ण जागेवर काळे प्लॅस्टिक अंथरले, त्यावर वाळू टाकून ब्लॉक बसवले आणि मधल्या पट्ट्यांत पांढरे गोटे भरून दिले. दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केले. जुलै आला आणि झड लागली, तेव्हा प्लॅस्टिकवर साठलेले पाणी वाळूसकट वर आले. ब्लॉकवर पाय ठेवला की फटीतून पिचकारी उडायची, आणि दोन वेळा पाणी उंबऱ्याच्या आत आले. गोट्यांवर शेवाळ धरून ते हिरवेगार झाले, आणि त्यांच्यावरून घसरून माझ्या सासऱ्यांचे मनगट मुरगळले.

एवढे होऊनही लव्हाळा गेला नाही तो नाहीच. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि तो प्लॅस्टिक सहज भोसकून वर येतो. वरून उपटला की पाते हातात येते आणि गाठ जमिनीतच राहते, मग त्या गाठीतून नवे कोंब फुटतात. शेवटी आम्ही सगळे उखडले, आणि मी स्वतः खुरप्याने पट्टा पट्टा खणून मातीतून त्या काळ्या, हरभऱ्याएवढ्या गाठी वेचल्या. एका धाग्यावर चार-चार, पाच-पाच गाठी माळेसारख्या ओवलेल्या निघायच्या. एकेका घमेल्यात मूठ-दीड मूठ गाठी सापडत. एकदा वेचून भागत नाही, पाणी देऊन उगवू द्यावे लागते आणि मग पुन्हा खणावे लागते. आम्हाला तीन फेऱ्या कराव्या लागल्या. उंबरठा भाऊंनी झाडे लावण्याआधी हे काम उरकून घ्यावे, कारण एकदा झाडांची जाळी पसरली की लव्हाळा तिच्यातून वेगळा काढता येत नाही.

आईंच्या वाटेबद्दल एक सूचना करते. व्हिडिओत दिसतात तशा सुट्या फरशा आणि मध्ये चार-चार इंच हिरवळ, असे त्यांच्या वाटेवर करू नये. काठीचे टोक नेमके त्या फटीत जाते. चार फूट रुंदीची, ब्लॉकला ब्लॉक भिडलेली सलग वाट करावी आणि फटींची हौस वृंदावनाच्या बाजूला भागवावी. रांगोळीसाठी आम्ही दारापुढे दोन फुटी शहाबादी फरशीचे सहा तुकडे बसवले आहेत. ब्लॉकवर रांगोळी नीट बसत नाही, सांध्यांत सांडते, त्यामुळे वहिनींचा आग्रह अगदी योग्य आहे.

पानाफुलांचा_मास्तर

मी निवृत्तीपर्यंत महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे फक्त झाडांपुरते लिहितो.

व्हिडिओतली झाडे कमी पाण्याची आहेत हे खरे आहे, पण ती कोणत्या ऋतूतल्या कमी पाण्याची आहेत, हे त्यात सांगितलेले नसते. थाइम आणि लॅव्हेंडर ही भूमध्य समुद्राकाठची झाडे आहेत. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो, म्हणजे ऊब आणि ओल ही दोन्ही त्यांच्या मुळांशी एका वेळी येत नाहीत. आपल्याकडे वर्षाचा साधारण १,००० मिमी पाऊस बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये, उबदार हवेत पडतो. (पश्चिमेला गगनबावड्याकडे सरकावे तसा तो कितीतरी पट वाढतो.) उबदार आणि चिंब मातीत मुळकुजीच्या बुरशीला रान मोकळे मिळते, आणि ही झाडे ऑगस्टपर्यंत बुंध्यापासून काळी पडतात. बहुतेक सेडमची गतही तीच होते. त्यामुळे कोल्हापुरात कमी पाण्याच्या झाडाची परीक्षा मे महिन्यात एकदा आणि जुलैमध्ये एकदा, अशी दोनदा होते, आणि माझ्या पाहण्यात जुलैमध्ये नापास होणारी झाडे अधिक आहेत.

या दोन्ही परीक्षा उत्तम गुणांनी पास होणारे झाड आपल्या तळ्याकाठी आणि शेताच्या बांधावर फुकट मिळते. त्याचे नाव जलपिंपळी. रोपवाटिकेत ते लिप्पिया म्हणून विकतात. ते जमिनीला चिकटून पसरते, पेरापेराला मुळे सोडते, पायाखाली तुडवलेले सोसते, आणि त्याला फिकट जांभळ्या, कडेने पांढऱ्या अशा बोंडासारख्या फुलांचे बारीक तुरे येतात. पाण्यात बुडाले तरी मरत नाही. उन्हाळ्यात पाणी तुटले, तर पाने लहान आणि तांबूस होतात, विरळही होतात, पण वळवाच्या एका सरीने आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवी होतात. फटींसाठी माझी पहिली पसंती तीच आहे. त्यात दोन अडचणी आहेत. फुलांवर मधमाश्या फार येतात, त्यामुळे लहान मुले अनवाणी खेळत असतील तर फुले कातरावी लागतात, आणि ते कर्बवरून पलीकडे जाते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी कडा छाटावी लागते.

हरळीला लोक उगाच नावे ठेवतात. मे महिन्यात ती वाळून पांढरी पडते, ते दिसणे सोसत असेल तर तिच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही, आणि गणपतीच्या एकवीस दूर्वांच्या जुड्या घरच्या घरी होतात. परंतु ती ब्लॉकखालून धावते, म्हणून तिला वाटेपासून लांब ठेवावे.

पायाखाली न येणाऱ्या पट्ट्यांत निवड मोठी आहे. पश्चिमेच्या भिंतीलगत, जिथे दुपारभर ऊन तापते, तिथे जांभळ्या पानांची सेटक्रेसिया निश्चिंतपणे लावावी. तिचा देठ मोडून खोचला तरी लागतो. तिच्यापुढे निळ्या फुलांचा इव्हॉल्व्हुलस लावला तर रंग खुलतो. आपल्या माळावरची विष्णुक्रांत ही त्याचीच नाजूक बहीण. वृंदावनाच्या सावलीच्या बाजूला रिओची बुटकी जात आणि पानओवा लावावा, कारण पानओव्याची भजी हा अंगणाचा अधिकृत उपयोग आहे असे मी मानतो. ऑफिस टाइमची फुले, म्हणजे चिनी गुलाब, फेब्रुवारी ते मेपर्यंत बहार देतात, पण झडीत सडतात. त्यांच्या चार काड्या जूनमध्ये वळचणीखालच्या कुंडीत ठेवाव्यात आणि दिवाळीनंतर पुन्हा अंगणात लावाव्यात.

रोपवाटिकेतला माणूस आपल्याला वेडेलिया घ्यायचा आग्रह करील, कारण ती पिवळ्या फुलांची वेल महिन्याभरात जागा भरून टाकते. ती घेऊ नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींच्या यादीत तिचे नाव आहे. रानातली घाणेरीही त्याच यादीत आहे. कुंपणाबाहेर गेलेली वेडेलिया ओढ्यापर्यंत पोचलेली मी पाहिली आहे.

ही सगळी झाडे काळ्या मातीत थेट लावू नयेत. पट्ट्यांतली माती फूटभर उकरून तिच्यात निम्मा मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे, आणि भिंतीलगतचे पट्टे गादीवाफ्यासारखे चार-सहा इंच उचलून घ्यावेत. फटींमध्ये मात्र मिश्रण ब्लॉकच्या कडेपासून अर्धा इंच खालीच राहू द्यावे, म्हणजे चालताना झाडाचा गाभा चिरडत नाही.

पंचगंगाकाठ

मास्तरांच्या जलपिंपळीला माझी साक्ष. आमचे घर नदीच्या बाजूला सखल भागात असल्यामुळे २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत अंगण पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर सगळीकडे बोटभर जाडीचा गाळ बसला होता. रिओ आणि पानओवा कुजून गेले, ब्लॉकखालची वाळू काही ठिकाणी वाहून गेली, आणि जलपिंपळी मात्र तिसऱ्या आठवड्यात गाळ फोडून वर आली. पाचगाव उंचावर आहे, तिथे पुराची भीती नाही, तरीही सांगावेसे वाटले.

उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विषय वेगळा आहे असे मी लिहिले होते, ते शब्द मागे घेतो. आराखडा असा बदलला आहे: चार फुटी सलग वाट, तिच्या उजवीकडे दुचाकींची जागा, दारापुढे शहाबादी, आणि वृंदावनाभोवती दोन-दोन इंचांच्या फटी ठेवून बसवलेले ब्लॉक, त्यात जलपिंपळी.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली पाण्याची. घरातल्या आरओचे वाया जाणारे पाणी रोज एक-दोन बादल्या निघते, ते या झाडांना चालेल का? दुसरी लावणीच्या वेळेची. शेजारचे काका म्हणतात की मृग लागला की लावून टाका, आणि रोपवाटिकेत सांगतात की गौरी-गणपतीनंतर या.

पानाफुलांचा_मास्तर

दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या झाडांविषयी बोलत आहेत. जलपिंपळी आणि हरळी यांसारखी पेरापेराला मुळे धरणारी झाडे जूनच्या पहिल्या पावसानंतर वाफसा येताच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की, लावावीत, म्हणजे मोठ्या पावसाआधी ती जमीन धरतात. सेटक्रेसिया, रिओ, पानओवा अशी रसाळ देठांची झाडे गणपतीनंतर लावावीत. नुकत्या खोचलेल्या रसाळ काडीला मुळे नसतात, पाणी मात्र चारी बाजूंनी असते, आणि ती मुळे फुटण्याआधीच सडते.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण मुळापर्यंत पोचेल असे पाणी द्यावे, दुसऱ्या वर्षापासून आठ-दहा दिवसांनी एकदा पुरते. उसाला वापरतात तीच १६ मिमीची इनलाइन (ठिबकाची) नळी पट्ट्यांतून फिरवली तर उत्तम. तुलनेसाठी सांगतो, एवढ्या पूर्ण जागेत लॉन असते, तर एप्रिल-मेमध्ये रोज ५ मिमीच्या हिशेबाने २५० लिटर पाणी लागले असते. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे ते रोज एकाच पट्ट्यात ओतू नये. साध्या पाण्यात मिसळून, जागा बदलत द्यावे. जे क्षार साचतील ते आपला पावसाळा धुऊन काढतो. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी मात्र बिनदिक्कत घालावे.

पट्ट्यांत झाडे भरेपर्यंत उघड्या मातीवर उसाचे पाचट बारीक करून दोन इंच पसरावे. दाराच्या चौकटीपासून मात्र ते दोन-तीन फूट लांब ठेवा, कारण पाचटाखाली वाळवी येते.

उंबरठा

मुरूमवाले दादा, आपण सांगितलेले दोन्ही खड्डे काल सकाळी खणले. काळ्या मातीतल्या खड्ड्यात दुसऱ्यांदा भरलेले पाणी रात्री झोपेपर्यंत निम्मेही उतरले नव्हते, आणि आज सकाळी तळाशी चार बोटे शिल्लक होते. मुरमातला खड्डा पावणेदोन तासांत कोरडा झाला. आईने दोन्ही खड्डे पाहून विचारले, की एवढी वर्षे आपण पाणी घालत होतो ते नेमके कुठे जात होते.

मुरूमवाला

उत्तम मुरूम आहे, चर नक्की चालेल. आईंना सांगा की, ते पाणी मातीतच अडकून पडत होते आणि उन्हात उडून जात होते.

माती काढण्याचे काम याच महिन्यात सुरू करा. एकदा वळीव पडला की काळी माती फावड्याला चिकटते आणि एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागतात. मातीची ट्रॉली भरण्याआधी ताईंनी सांगितलेल्या लव्हाळ्याच्या गाठी तेवढ्या वेचून घ्या, नाहीतर ज्याच्या शेतात ती माती जाईल तो शेतकरी आपल्याला जन्मभर शिव्या घालील.